लिफ्टवाल्या काकांची उमेदवारी

श्यामकांत तळवडेकर त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये दोन मिनिटं गप्प राहिले असते, तर पुढचं काहीही घडलं नसतं. पण गप्प राहणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

विमा कंपनीतून वेळेआधी निवृत्ती घेतल्यावर त्यांनी बोरिवलीतल्या आपल्या सोसायटीत पूर्णवेळ पत्रलेखन सुरू केलं होतं. गच्चीची गळती, पार्किंगचे पट्टे, दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याचं भुंकणं. विषय कुठलाही असो, पत्राची सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि शेवट 'कायदेशीर कारवाईचा हक्क राखून'. एकदा सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने सगळ्यांदेखत विचारलं, "तळवडेकर, कारवाई करणार ती नक्की कुठल्या कायद्याने, तेवढं लिहीत चला ना!" सभा हसली. श्यामकांत हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मालाडच्या एका खासगी विद्यापीठात, संध्याकाळच्या वर्गात, वकिलीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं.

विद्यापीठ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर झाडं, दगडी कमानी आणि घड्याळाचा मनोरा आला असेल, तर तो कृपया पुसून टाका. ज्ञानक्षितिज ग्लोबल विद्यापीठ एका टाइल्सच्या शोरूमच्या डोक्यावर होतं. तिसऱ्या मजल्यावर वाणिज्य, चौथ्यावर व्यवस्थापन, पाचव्यावर कुलगुरू आणि त्यांचे एसी, सहाव्यावर कायदा. 'परिसर' म्हणून माहितीपत्रकात ज्याचा फोटो होता, तो खालच्या शोरूममधला बाथरूमचा नमुना आहे असं काही विद्यार्थी म्हणत. लिफ्ट एकच होती आणि तिच्यावर पाटी होती, 'फक्त कर्मचारी व मान्यवरांसाठी'. विद्यार्थी या दोन्हींत बसत नव्हते. ते जिन्याने चढत.

श्यामकांत मात्र लिफ्टने जात. पहिल्याच दिवशी त्यांचे पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला लावलेली दोन पेनं बघून लिफ्टमन स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "गुड इव्हिनिंग, सर." श्यामकांतांनी मान तुकवली. याला खोटेपणा म्हणता येणार नाही. कुणी नमस्कार केला तर तो घ्यावा, एवढाच शिष्टाचार त्यांनी पाळला, आणि तो महिनाभर रोज पाळला.

मग एके संध्याकाळी कुलसचिव लिफ्टमध्ये शिरले. सतत कुठल्यातरी महत्त्वाच्या बैठकीतून उठून आल्यासारखे दिसणारे गृहस्थ. ते म्हणाले, "सर, आपण घटना शिकवता ना? तुमच्या वर्गाचे मार्क अजून माझ्याकडे आले नाहीत."

इथे नुसतं 'हं हं' केलं असतं तर भागलं असतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या फॉर्ममधली खाडाखोड पकडलेल्या माणसाला आपल्या नावावर चुकीची नोंद सहन होत नाही. श्यामकांत ताठ झाले. "मी शिकवत नाही. मी शिकतो. पहिलं वर्ष, हजेरी क्रमांक एकेचाळीस."

कुलसचिवांनी लिफ्टमनकडे पाहिलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं.

"विद्यार्थ्यांनी जिन्याने," कुलसचिव म्हणाले.

चौथ्यापासून सहाव्यापर्यंत श्यामकांतांचा उजवा गुडघा दर पायरीला कुरकुरला. पण खरी कळ गुडघ्यात नव्हती. तास संपवून जिन्याने खाली आल्यावर त्यांना बघून लिफ्टमन स्टुलावरून उठला नाही, तिथे होती.

दुसऱ्याच दिवशी अर्ज गेला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे. कुलसचिवांनी त्यांना बोलावून घेतलं आणि, खोटं कशाला सांगा, माणुसकीनेच सांगितलं, "हे बघा तळवडेकर, आमच्याकडे सोय आहे. ज्येष्ठ आणि अशक्त व्यक्तींना लिफ्टचा पास देतो. सही करा, आत्ता देतो."

एक सही करायची होती. पण श्यामकांतांचं लक्ष त्या दोन शब्दांवर अडकलं.

"ज्येष्ठ? मी सत्तावन्न वर्षांचा आहे साहेब. ज्येष्ठ व्हायला मला अजून अवकाश आहे. आणि अशक्त कुणाला म्हणता? सोसायटीची पाण्याची टाकी मी स्वतः चढून तपासतो!" आवाज चढला होता, आता वाक्याचा शेवटही तेवढाच दणदणीत हवा म्हणून ते पुढे म्हणाले, "मला तुमची सवलत नको! द्यायची तर सगळ्यांना द्या!"

दार उघडं होतं. बाहेर फी भरायला मुलांची रांग लागली होती. रांगेने टाळ्या वाजवल्या.

श्यामकांत मागे वळले. आयुष्यात त्यांच्यासाठी टाळ्या एकदाच वाजल्या होत्या, निरोप समारंभाला, आणि त्यातही समोशांची घाई होती. या टाळ्या वेगळ्या होत्या. त्यांना आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या आणि तिथेच सगळी वाट लागली.

कारण नेमकी त्याच आठवड्यात विद्यापीठात निवडणूक जाहीर झाली होती. आजवर तिथे विद्यार्थी परिषद नव्हती आणि कुणाला तिची आठवणही झाली नव्हती. पण विद्यापीठाची तपासणी करायला एक समिती येणार होती, आणि समितीच्या कागदात 'विद्यार्थ्यांचे लोकशाही प्रतिनिधित्व' असा एक रकाना होता. तो रकाना भरायचा म्हणून घाईघाईने लोकशाही आणायचं ठरलं. वायफायचं काम त्यासाठी पुढे ढकललं.

"काका, तुम्ही उभे राहा ना यार," वर्गातला सर्वेश म्हणाला. हा मागच्या बाकावर बसणारा मुलगा. त्याला कायद्यात रस नव्हता, पण तमाशात होता. "अध्यक्षपदाला. कसली मजा येईल! सगळ्या मजल्यांवर तुमचंच नाव चाललंय."

"काय म्हणतात?"

"लिफ्टवाले काका."

श्यामकांतांना 'तळवडेकर सर' आवडलं असतं. पण जनतेने दिलेली पदवी नाकारता येत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि उमेदवारीचा फॉर्म आणायला गेले.

फॉर्म खिडकीवरच्या कारकुनाने उलटापालटा करून परत दिला. "पालकाची सही नाही."

"मी सत्तावन्न वर्षांचा आहे."

"असाल. पण पालकाची सही लागते."

"वडील वारले."

"मग आईची चालेल."

"आई कुडाळला असते. ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला मी कॉलेजात जातो हेच माहीत नाही!"

हे ते जरा मोठ्यानेच बोलले. कारकून सहानुभूतीने म्हणाला, "बऱ्याच मुलांचं असं असतं. मग स्थानिक पालकाची आणा. आणि मोबाइल नंबर लिहा त्यांचा. रकाना मोकळा राहिला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही."

स्थानिक पालक म्हणून घरात एकच व्यक्ती उपलब्ध होती. शकुबाईंनी चष्मा लावून फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण आपल्याला घरात नेमका काय हुद्दा आहे हे आज पहिल्यांदा छापील स्वरूपात त्यांच्या हातात आलं होतं. त्यांनी वळणदार सही केली. 'विद्यार्थ्याशी नाते' या रकान्यापुढे त्यांनी क्षणभर विचार करून लिहिलं, 'सांभाळते'.

त्याचा परिणाम लगेच दिसला. प्रचारासाठी श्यामकांतांनी एक तास बुडवला आणि खाली टपरीवर मुलांबरोबर कटिंग घेत उभे राहिले, तोच फोन वाजला. शकुबाई एरवी बोलत त्या साध्या मराठीत, पण पारा चढला की थेट मालवणीवर येत.

"खंय आसास?"

"वर्गात."

"माका मेसेज इलोहा. 'आपला पाल्य श्यामकांत आज दुसऱ्या तासाला गैरहजर आहे.' फी कोणी भरल्यानी? आधी वर जावा!"

भावी अध्यक्ष अर्धा चहा टाकून जिना चढले.

इकडे सोसायटीत बातमी पसरली होती. तळमजल्यावरचे धोंडिराम गायकवाड बेस्टमधून निवृत्त झालेले. कामगार युनियनच्या निवडणुका त्यांनी इतक्या लढवल्या होत्या की आता त्यांना साधं हळदीकुंकूही मतदारसंघासारखं दिसे. ते स्वतःच वर आले आणि खुर्ची ओढून बसले.

"श्यामराव, पहिली गोष्ट म्हणजे समोरच्यांत फूट पाडायची."

"समोर एकच मुलगी आहे. अक्षता म्हणून. दुसऱ्या वर्षाची."

"मग तिच्यात पाडा." धोंडिराम गंभीर होते. "दुसरी गोष्ट, बॅनर. बॅनर नसला की उमेदवार हलका वाटतो."

बॅनरची कल्पना सोसायटीला फारच आवडली. मधोमध हात जोडलेले श्यामकांत, वर 'तरुण तडफदार नेतृत्व', आणि खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. इथपर्यंत ठीक होतं. पण सेक्रेटरीचा फोटो खजिनदारापेक्षा मोठा का, यावर खजिनदारांनी दोन दिवस बोलणं टाकलं. ज्या सेक्रेटरीने भर सभेत श्यामकांतांची चेष्टा केली, तोच आता 'प्रेरणास्थान' म्हणून उजव्या कोपऱ्यात हवा होता. शेवटी शुभेच्छुक इतके वाढले, की उमेदवाराचा फोटो लहान करावा लागला. आणि बॅनर तयार झाल्यावर कळलं की विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे छापील फलक चालत नाहीत. मग तो सोसायटीच्याच फाटकावर लागला. तिथे स्वतः उमेदवार सोडला तर एकही मतदार राहत नव्हता. पण शुभेच्छुक जाता-येता आपापला फोटो बघत आणि समाधानाने घरी जात.

"काका, बॅनर वगैरे जुनं झालं," शेजारच्या श्वेताने सांगितलं. ती कुठल्याशा कंपनीची जाहिरातबाजी मोबाइलवर सांभाळे. "रील करू. पहिल्या तीन सेकंदांत लोक थांबले पाहिजेत, बस्स."

श्यामकांतांनी कोट घातला, कॅमेऱ्यात रोखून पाहिलं आणि धीरगंभीर आवाजात म्हणाले, "मला लिफ्ट हवी आहे. फार वाट पाहिली. आता मी मागे हटणार नाही."

लोक थांबले. थांबले म्हणजे काय, जमा झाले. मुंबईत 'लिफ्ट देणं' याचा मजल्यांशी संबंध नसलेलाही एक अर्थ आहे, हे कोट घालताना श्यामकांतांच्या डोक्यात आलं नाही आणि श्वेताच्या डोक्यात आलं असलं तरी ती बोलली नाही. पोरांनी त्या वाक्याला मागून प्रेमगीतं जोडली. एकाने खाली लिहिलं, 'काका, घरी काकू लिफ्ट देत नाहीत का?' गोरेगाव ते दहिसर ते रील फिरलं. शकुबाईंच्या भिशीत एका बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना गं?"

त्या दिवशी श्यामकांतांना जेवायला पिठलं मिळालं, आणि वाढताना एक शब्दही मिळाला नाही.

उमेदवारांची भाषणं चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात झाली. श्यामकांत आधी बोलले. रोमन साम्राज्यातल्या नागरी हक्कांपासून त्यांनी सुरुवात केली आणि दिलेला वेळ संपला तेव्हा ते जेमतेम इंग्लंडपर्यंत पोचले होते. मालाडला यायचं राहूनच गेलं.

मग अक्षता उठली. दिवसभर गोरेगावला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसून ती वर्गाला येई. हातात कागद नव्हता. "मी सरळ बोलते. मागच्या सेमिस्टरचा निकाल अजून नाही. लायब्ररी सहाला बंद होते आणि आपले तास सहाला सुरू होतात. ज्यांनी कोर्स सोडला, त्यांची अनामत रक्कम अडकलीय. लिफ्ट पाहिजेच. पण काका, राग मानू नका, तुमचा गुडघा म्हणजे जाहीरनामा नाही होत ना."

सभागृह खदखदलं. श्यामकांतही हसले, म्हणजे त्यांनी तोंडाचा तसा आकार केला. घरी जाताना बसमध्ये ते स्वतःशीच उत्तरं तयार करत राहिले. उत्तरं चांगली होती. बोरिवली आली तरी एकही पटलं नाही.

आता काहीतरी मोठं करायला हवं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, श्यामकांत लिफ्टमध्ये शिरले, पाणी प्यायला गेलेल्या लिफ्टमनच्या स्टुलावर बसले आणि छातीशी पुठ्ठा धरला. 'लिफ्ट सर्वांची'. सत्याग्रह सुरू झाला.

दुर्दैव असं, की तपासणी समिती नेमकी त्याच वेळी खाली येऊन पोचली होती. तिला आणायला कुलसचिव पाचव्या मजल्यावर लिफ्टपाशी आले, तर आत हे.

"तळवडेकर, बाहेर या."

"मी इथून हलणार नाही."

"अहो, समिती खाली उभी आहे!"

"मग तुम्ही आत या. मी कुणाला अडवत नाही. माझा लढा सर्वांसाठी आहे."

कुलसचिव दात-ओठ खात आत शिरले. हे बघून सर्वेशला स्फुरण चढलं. "चला रे, काकांना सपोर्ट!" असं ओरडून तो आत घुसला आणि त्याच्यामागून आणखी सात-आठ जण. लिफ्टने एक केविलवाणी घंटी वाजवली, दार लावलं, चार-पाच फूट खाली गेली आणि थांबली. दिवाही गेला.

त्या अंधारात पाऊण तास काय काय झालं, याच्या तीन हकिकती आहेत. कुलसचिव म्हणतात, त्यांच्या पायावर कुणीतरी मुद्दाम उभं होतं. सर्वेश म्हणतो, काकांनी अंधारातही रोमन साम्राज्यावरचं भाषण पूर्ण केलं. श्यामकांत म्हणतात, आपण लोकांना धीर दिला. एवढं खरं, की लिफ्ट दुरुस्त करणारा येईपर्यंत समितीच्या तिन्ही सदस्यांना जिन्याने वर चढावं लागलं. त्यातल्या एकांची बायपास झालेली होती.

बाहेर आल्यावर कुलसचिवांनी टायचा वळलेला फास सरळ केला आणि थंड आवाजात सांगितलं, "उद्या मतदानाआधी पालकांना घेऊन या. नाहीतर उमेदवारी रद्द समजा."

सत्तावन्नाव्या वर्षी घरी जाऊन 'उद्या तुला कॉलेजात बोलावलंय' असं बायकोला सांगताना माणसाचं काय होतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. श्यामकांतांनी ते पंखा पुसता पुसता सांगितलं. पंखा पुसून सहा महिने झाले होते म्हणून शकुबाईंना आधीच संशय आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतली इरकली नेसली. खरं तर त्या हात जोडायच्या तयारीनेच निघाल्या होत्या. घरातल्या माणसाने बाहेर घाण केली की हात जोडून ती निस्तरायची, एवढंच त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. खाली लिफ्टमनने त्यांना अडवलं. "पालकांनी पण जिन्याने. काल काय झालं, माहितेय ना?"

श्यामकांत म्हणाले, "शकु, मी बोलतो त्याच्याशी."

"तुम्ही बोलू नका," शकुबाई म्हणाल्या आणि चढू लागल्या.

चौथ्या मजल्यावर त्यांना धाप लागली. त्या पायरीवर बसल्या. वर जाणारी एक मुलगी थांबली, तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि शेजारी टेकली. ती अक्षता होती. "घाई करू नका काकू. मी पण इथे बसते रोज. दिवसभर काम करून आलं ना, की इथे पाय बोलायला लागतात." शकुबाई पाणी प्यायल्या. त्यांनी त्या मुलीच्या पायांकडे पाहिलं, जिन्यात मागे खोळंबलेल्या पोरांकडे पाहिलं, आणि उठल्या. श्यामकांत दोन पायऱ्या मागून हे सगळं बघत होते, पण त्यांना आपल्या उमेदवारीची काळजी पडली होती.

कुलसचिवांच्या खोलीचं दार आजही उघडंच होतं. बाहेर मतदानाला आलेल्यांची रांग. कुलसचिवांनी शकुबाईंना बसायला सांगितलं आणि फाइल उघडली. "मॅडम, तुमच्या पाल्याची वर्तणूक गंभीर आहे. त्याला, म्हणजे त्यांना, तुम्ही नीट समज द्या."

शकुबाई बसल्या नाहीत.

"ह्येंका समज मी तीस वर्सां देतंय, सायबानू. अजून एक कण आत गेलो नाय. तो माझो विषय, मी बगून घेतंय. तुमी माका सांगा, तुमच्या त्या लिफ्टीत काय सोन्याचो पाळणो टांगलो आसा?"

कुलसचिवांना शब्द सगळे कळले नाहीत, पण रोख कळला. "मॅडम, ती मान्यवरांसाठी—"

"मान्यवर म्हंजे कोण? ह्या पोरांच्या पैशानी तुमची वीज चलता. ही पोरां दिसभर राबान येतत आणि सा माळे चढतत. ती काय बकऱ्यो आसत? आणि माका घेवन येवक माझ्या घोवाक सांगलात, ता बरा केलात. नायतर माका कळला नसता, तुमी हयसर काय दुकान मांडलासा!"

रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्यांचा असा पाऊस पडला की शेजारच्या खोलीतून कुलगुरू बाहेर डोकावून गेले.

कुलसचिव घाईने उठले. "ठीक आहे, ठीक आहे. उमेदवारी कायम. मॅडमना लिफ्टने खाली सोडा रे."

"पोरांका नाय, तर माका पण नको," शकुबाई म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

श्यामकांत चपापले. हे वाक्य तर त्यांचं होतं. पास नाकारताना सुनावलेलंच, फक्त मालवणीत. पण त्यांनी ते म्हटलं होतं तेव्हा त्यांचं लक्ष वाक्याच्या शेवटाकडे होतं. शकु मात्र खरोखरच दर पायरीला कठडा धरत खाली उतरत होती, आणि पोरं बाजूला होऊन तिला वाट देत होती. त्यांना तिच्यामागून जावंसं वाटलं. पण मतदान सुरू झालं होतं, आणि उमेदवाराने हजर राहायचं असतं. ते हजर राहिले.

मतमोजणी त्याच संध्याकाळी झाली. चिठ्ठ्यांचे तीन ढीग पडत गेले. श्यामकांत लांबून बघत होते. एक ढीग भराभर वाढला, तो अक्षताचा. दुसराही चांगला उंच झाला, तेव्हा त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. तिसरा अगदीच बारका होता, तो बाद मतांचा असणार, असं त्यांनी धरून चाललं.

कुलसचिवांनी वाचलं, "अक्षता, दोनशे चौदा. श्यामकांत तळवडेकर, अडतीस. बाद, एक्क्याण्णव."

"एक्क्याण्णव बाद?" अक्षतानेच विचारलं. "एवढी?"

"चिठ्ठीवर छापलेल्या नावांवर शिक्का मारायचा सोडून मुलांनी खाली हाताने भलतंच नाव लिहिलंय." कुलसचिवांनी नाइलाजाने एक चिठ्ठी वर धरली. लिहिलं होतं, 'काकू'. दुसरीवर 'लिफ्टवाल्या काकांच्या काकू'. एकीवर 'बकऱ्यो' आणि शेजारी बदाम.

सर्वेशने खाली बघितलं. श्यामकांतांनी त्याच्याकडे बघितलं. "तू पण?"

"सॉरी काका," सर्वेश म्हणाला. "पण काकू एक नंबर होत्या यार."

लिफ्टचं म्हणाल, तर ती चार दिवसांत सगळ्यांसाठी खुली झाली. श्यामकांतांच्या अर्जामुळे नाही, सत्याग्रहामुळे नाही आणि शकुबाईंच्या तोंडामुळेही नाही. बायपास झालेल्या त्या सदस्यांनी तपासणीच्या अहवालात त्या जिन्याबद्दल फक्त दीड ओळ लिहिली होती. विद्यापीठाने लिफ्ट खुली केल्याचं श्रेय लोकशाही प्रतिनिधित्वाला देऊन तो रकाना भरून टाकला.

पण हे नंतरचं. निकालाच्या संध्याकाळी श्यामकांत घरी आले तेव्हा शकुबाई वालाच्या बिरड्या सोलत होत्या. त्यांनी निकाल सांगितला. आपला आकडा जरा पटकन सांगितला. मग चिठ्ठ्यांचंही सांगितलं, कारण ते दडवलं तरी उद्या भिशीतून कळलंच असतं.

शकुबाईंची बोटं थांबली. "एक्क्याण्णव पोरांनी माझं नाव लिहिलं?"

"नाव नाही, 'काकू' असं. पण ती बाद झाली."

"बाद म्हणजे?"

"म्हणजे मोजत नाहीत. बोर्डावर नुसतं 'बाद' लिहितात."

"बरं," एवढंच म्हणून त्या पुन्हा बिरड्या सोलू लागल्या. भांडल्या नाहीत, मालवणीत गेल्या नाहीत. श्यामकांतांना भांडण सवयीचं होतं. हे 'बरं' त्यांना झेपेना. त्यांनी शेजारी बसून थोड्या बिरड्या सोलल्या. त्यातल्या निम्म्या मोडल्या.

दुसऱ्या संध्याकाळी ते सहा मजल्यांपैकी पाच चढून कुलसचिवांच्या टेबलापुढे उभे राहिले आणि त्यांनी अर्ज ठेवला. कुलसचिवांनी डोळे मिटले, उघडले आणि वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाच्या आठ्या बदलल्या.

"तळवडेकर, माझी समजण्यात चूक होत नाही ना? निकालाच्या फलकावर तुमचं नाव दुसऱ्या क्रमांकावर लागलंय. ते काढून तुम्हाला तिसऱ्यावर टाका, असा अर्ज तुम्हीच करताय?"

"होय."

"आणि दुसऱ्यावर?"

"सौ. शकुंतला श्यामकांत तळवडेकर. एक्क्याण्णव मतं. बाद म्हणून लिहा, मला हरकत नाही, नियम तो नियम. पण नाव घालून बाद लिहा."

"असं करता येत नाही. त्या उमेदवार नव्हत्या. त्या विद्यार्थीही नाहीत!"

"मला माहीत आहे."

"मग कुठल्या कायद्याने करू हे?"

श्यामकांतांनी थोडा विचार केला. पहिल्या वर्षाचा जेवढा अभ्यास झाला होता, त्यात तसा कुठलाच कायदा नव्हता. त्यांनी ते मान्य केलं. मग खुर्ची ओढली, गुडघा हाताने धरून हळूच दुमडला आणि बसले.

"तुम्ही शोधा," ते म्हणाले. "मला घाई नाही."